बफेलोला चाललोय, तेही ऐन नोव्हेंबरात: लेक इफेक्टबद्दल (सरोवरामुळे पडणाऱ्या बर्फाबद्दल) अनुभव हवेत

भीमातीर

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे पंढरपूरकडचे, सध्या मुक्काम ह्यूस्टन. नोव्हेंबरच्या मध्यावर बफेलोला नवीन नोकरीवर रुजू व्हायचं आहे. मी, बायको आणि चार वर्षांची मुलगी. आम्ही तिघांनीही बर्फ फक्त सहलीत पाहिलाय.

बफेलोचं नाव काढलं की इकडचे सहकारी मोबाइलवर फोटो दाखवतात: दार उघडलंय आणि समोर छातीपर्यंत बर्फाची भिंत, भिंतीवर दाराचा ठसा. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, घर भाड्याने कुठे घ्यावं? ऑफिस डाउनटाउनला आहे. उत्तरेला ॲमहर्स्ट-विल्यम्सव्हिल आणि दक्षिणेला ऑर्चर्ड पार्क-हॅम्बर्ग, दोन्हीकडे घरं बघून ठेवली आहेत. भाडं दक्षिणेला बरं पडतंय.

दोन, गाडीचं काय करायचं?

तीन, सगळे म्हणतात की जानेवारीपेक्षा नोव्हेंबर-डिसेंबर जास्त बेभरवशाचे. थंडी तर जानेवारीत जास्त असते ना? मग असं का?

पश्चिमवारा

स्वागत आहे. मी दक्षिणेकडेच राहतो, हॅम्बर्गच्या जवळ. आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते कळलं की पहिल्याचं आपोआप कळतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर ईरी सरोवराचं पाणी साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. उन्हाळाभर मुरलेली ऊब पाणी इतक्या लवकर सोडत नाही. पण कॅनडाकडून येणारी हवा तोवर गार झालेली असते. पाण्याचा पृष्ठभाग आणि त्यावर दीड किलोमीटर उंचीवरची हवा, यांच्यात १३ अंशांचा फरक पडला की खेळ सुरू. गार हवा पाण्यावरून सरकताना खालून तापते, ओल उचलते, वर चढते, ढग उभे राहतात आणि किनाऱ्यावर येऊन रिते होतात. म्हणजे नुसती थंडी असून भागत नाही, उघडं उबदार पाणीही लागतं. जानेवारीच्या शेवटी ईरी गोठलं की हवेला ओल मिळायची बंद होते. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबर.

आता दिशा. ईरी ३८८ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त ९२ किलोमीटर रुंद आहे. लांबी नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, आणि ईशान्य टोकाला बरोबर बफेलो. वारा आडवा वाहिला तर पाण्यावरचा प्रवास ९० किलोमीटरचा, आणि लांबीने वाहिला तर जवळजवळ ४०० किलोमीटरचा. लांबीने वाहिला की सगळी ओल एका अरुंद पट्ट्यात गोळा होते. हा पट्टा कधी कधी दहा-पंधरा किलोमीटरच रुंद असतो. वारा थोडा दक्षिणेकडून असला की पट्टा उत्तरेकडच्या गावांवर जातो, पश्चिमेकडे वळला की दक्षिणेकडच्या गावांवर येतो. सरळ पश्चिमेचा किंवा वायव्येचा झाला तर आणखी खाली, टेकड्यांकडे.

इथे माणूस तापमानाआधी वाऱ्याची दिशा विचारतो.

ठाणेकर_बाई

आधी जॅकेट घ्या, मग घर बघा :)

ऊनसावली

आम्ही ॲमहर्स्टला. डोळे मिटून उत्तरेकडे या.

नोव्हेंबर २०१४ आठवतोय. १७ तारखेच्या रात्री सुरू झालं. आमच्या अंगणात काही इंच, मुलांनी जेमतेम स्नोमॅन केला. आणि इथून अर्ध्या तासावर, लँकेस्टर आणि वेस्ट सेनेकाकडे, पाच फुटांच्या वर! गच्चीसारख्या उंच जागेवरून दक्षिणेकडे पाहिलं तर एक पांढरी-करडी भिंत उभी दिसायची, वर विजा चमकत होत्या, आणि आमच्या डोक्यावर निळं आकाश. त्या वादळात न्यूयॉर्क थ्रूवे या महामार्गावर शेकडो वाहनं अडकली. एका विद्यापीठाच्या मुलींचा बास्केटबॉल संघ बसमध्ये एक दिवसाहून जास्त अडकला होता. बिल्सचा, म्हणजे इथल्या फुटबॉल संघाचा, घरचा सामना उचलून डेट्रॉइटला न्यावा लागला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा तेच. ऑर्चर्ड पार्कला ८० इंचांच्या आसपास, आणि पुन्हा सामना डेट्रॉइटला. विद्यापीठाचा मोठा कॅम्पस, देशी किराणा हेही सगळं आमच्या बाजूला आहे.

रानजाई

ऊनसावलीताई, तुमचे दोन्ही दाखले बरोबर, पण "डोळे मिटून" नको.

ऑक्टोबर २००६ मध्ये आम्हीही उत्तरेलाच होतो. १२ ऑक्टोबर, म्हणजे दिवाळीला आठवडा बाकी. झाडांवर पानं तशीच होती, बरीच अजून हिरवी. विमानतळावर २२.६ इंच पडला, तोही ओला, जड. पानं असल्यामुळे फांद्यांनी तो झेलला आणि रात्रभर फांद्या तुटण्याचे आवाज. बंदुकीचा बार निघावा तसा एकेक. लाखो घरांची वीज गेली, काहींची आठवडाभर. शहरातली इतकी झाडं गेली की नंतर लोकांनी एकत्र येऊन वर्षानुवर्षं नवी लावली. तो पट्टा शहर आणि उत्तरेकडची उपनगरं यांवर होता.

आणि डिसेंबर २०२२ चा नाताळ विसरून चालणार नाही. तेव्हा बफेलो शहर आणि आसपासच्या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. कुणी गाडीत, कुणी वीज नसलेल्या घरात, कुणी चालत निघालेलं. नोव्हेंबरात ८० इंच पडूनही इतकी जीवितहानी झाली नव्हती. नाताळात वारा होता, तासन्‌तास समोरचं काही दिसत नव्हतं, रुग्णवाहिका पोचू शकत नव्हत्या. बर्फाची उंची मोजून धोका कळत नाही. मला हे सांगताना अजून त्रास होतो, पण नव्याने येणाऱ्याला हे माहीत असलंच पाहिजे.

भीमातीर

बापरे. रानजाईताई, ऊनसावलीताई, पश्चिमवारा, मनापासून आभार. वाऱ्याची दिशा हा मुद्दा आजवर कुणीच सांगितला नव्हता.

एक शंका. ईरी गोठतं म्हणालात. एवढं मोठं पाणी खरंच पूर्ण गोठतं?

पश्चिमवारा

बहुतेक गोठू शकतं, कारण ते उथळ आहे. सरासरी खोली जेमतेम १९ मीटर. इथल्या पाचही मोठ्या सरोवरांत (ग्रेट लेक्स) सर्वांत उथळ. उथळ भांडं लवकर तापतं, लवकर निवतं. ऑन्टारिओ सरोवर क्षेत्रफळाने ईरीपेक्षा लहान, पण सरासरी ८६ मीटर खोल, त्यामुळे ते क्वचितच पूर्ण गोठतं आणि त्याच्या पूर्वेकडे मार्चपर्यंत बर्फ पडत राहतो.

पण गोठलं म्हणजे सुटलो असंही नाही. १९७६ मध्ये ईरी डिसेंबरच्या मध्यावरच गोठलं. लोक म्हणाले, चला, यंदा लवकर आटोपलं. त्या गोठलेल्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे भुसभुशीत बर्फ साठत गेला. २८ जानेवारी १९७७ ला जोराचा वारा सुटला आणि सरोवरावरचा तो सगळा साठा उचलून बफेलोवर आणून टाकला. आकाशातून पडलेला त्या दिवसांत फार नव्हता. इथले म्हातारे अजून त्या वर्षावरून काळ मोजतात.

हल्ली सरोवर उशिरा गोठतं, काही वर्षी जवळजवळ गोठतच नाही. पाणी जास्त दिवस उघडं राहिलं की लेक इफेक्टचा मोसम लांबतो. हवाही जास्त गार नसली तर त्याचाच पाऊस होतो. ऑक्टोबरात बहुतेक वेळा तसाच होतो, सरोवरावरून आलेला पाऊस, बारीक गारा, कधी पाण्यावर सोंडेसारखे भोवरे उठतात. हे सगळं त्याच यंत्रणेचं काम.

टगहिलचा_रहिवासी

बफेलोवाले सगळी प्रसिद्धी घेऊन जातात. खरा बर्फ बघायचा तर आमच्याकडे या, ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्वेला, टग हिल पठारावर.

किनाऱ्यापासून जमीन चढत चढत २००० फुटांपर्यंत जाते. सरोवरावरून आलेली ओली हवा आधीच ढगांनी भरलेली, त्यात ती चढावर ढकलली जाते, की उरलंसुरलं सगळं इथे खाली होतं. जानेवारी १९९७ मध्ये इथल्या माँटेग्यू गावात चोवीस तासांत ७७ इंच मोजला गेला. विक्रम म्हणून मात्र मान्य झाला नाही. चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा मोजायचं असा दंडक, आणि तिथे त्याहून जास्त वेळा मोजलं होतं. ताजा बर्फ स्वतःच्या वजनाने दबत जातो ना, जितक्या वेळा बर्फ मोजायची फळी पुसून मोजाल तितकी बेरीज वाढते. गावाला त्याचं अजून वाईट वाटतं आणि मलाही वाटतं. बर्फ तर पडलाच होता!

घाटमाथा

मी पाटणचा, बर्फाशी संबंध फक्त फ्रिजपुरता. पण टगहिल यांनी लिहिलेलं वाचून एकदम ओळखीचं वाटलं. अरबी समुद्रावरून ओल घेऊन येणारा वारा, सह्याद्रीचा चढ, आणि मग महाबळेश्वरला बदाबदा. तिकडून खाली उतरलं की माण-खटाव कोरडं. तुमच्याकडे हेच बर्फात होतं म्हणायचं.

मग एक प्रश्न, कोयनेचं शिवसागर केवढं मोठं आहे. त्यावरून असं काही का होत नाही? निदान धुकं, सरी?

टगहिलचा_रहिवासी

घाटमाथा, तुलना अगदी योग्य. पठाराचा चढ आणि सह्याद्री, काम एकच.

कोयनेचं मात्र जमत नाही. पाण्यावरचा प्रवास कमी पडतो. भक्कम पट्टा उभा राहायला साधारण १०० किलोमीटर तरी उघडं पाणी लागतं, आणि शिवसागर लांबीला असेल तेवढं असो, अरुंद आणि नागमोडी आहे. दुसरं म्हणजे पाणी आणि वरची हवा यांत तेवढा फरक तुमच्याकडे पडत नाही. हिवाळ्यात जलाशयावर सकाळी धुकं धरतं ते मात्र याच घराण्यातलं, पाणी उबदार आणि वर गार हवा. जगात आमच्या तोडीचा प्रकार जपानात आहे. सैबेरियाची हवा जपानच्या समुद्रावरून ओल घेते आणि निइगाताच्या बाजूला डोंगरात ओतते.

मंजिरी_मिसिसागा

आम्ही ऑन्टारिओ सरोवराच्या वायव्य काठावर. वारा आमच्याकडून पाण्याकडे जातो, त्यामुळे टोरांटो-मिसिसागाला लेक इफेक्ट फारसा नाही. ह्युरॉन आणि जॉर्जियन बेवरून येणारे पट्टे बॅरी शहराला झोडपतात. हिवाळ्यात बॅरीच्या मैत्रिणीला फोन केला की ती फावडं हातात घेऊनच बोलते.

गाडीबद्दल: हिवाळी टायर घ्या. चर्चा नको. आमच्या शेजारच्या क्युबेकमध्ये तर १ डिसेंबर ते १५ मार्च कायद्यानेच सक्ती आहे.

गीअरबॉक्स

चर्चा थोडी हवीच, ताई. बफेलो शहरात मुख्य रस्ते लवकर मोकळे करतात, मीठही भरपूर टाकतात. फोर व्हील ड्राइव्ह आणि चांगले ऑल सीझन टायर यांवर आम्ही बरीच वर्षं काढली.

मंजिरी_मिसिसागा

गीअरबॉक्स, फोर व्हील ड्राइव्ह गाडी पुढे ढकलायला उपयोगी. थांबायला नाही! थांबवतो तो टायर. साध्या ऑल सीझनचं रबर ७ अंशांखाली कडक होत जातं, पकड सुटते. रस्ता कोरडा दिसत असला तरी. आणि ७ अंश म्हणजे ऐन हिवाळा नव्हे, ऑक्टोबर संपतानाची सकाळ. म्हणून बर्फ पडायची वाट न बघता आधीच बदलायचे. पहिल्या बर्फाच्या आदल्या दिवशी प्रत्येक गॅरेजबाहेर रांग असते.

गीअरबॉक्स

थांबण्याचा मुद्दा मान्य. मग भीमातीर यांना मधला मार्ग सुचवतो. दोन संच ठेवायला जागा नसेल तर टायरच्या बाजूला तीन शिखरं आणि आत हिमकण अशी खूण असलेले ऑल वेदर घ्या. ऑल सीझन वेगळे, ऑल वेदर वेगळे, दुकानदाराला खूण दाखवायला सांगा. आणि काच धुवायचं पाणी टेक्सासमधलं भरलेलं असेल ते काढून टाका, गोठून टाकी फुटते.

निफाडचा_बागायतदार

मी हा धागा वेगळ्याच कारणाने वाचतोय. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत कडाका पडला की पारा चार-पाच अंशांवर येतो. द्राक्षमणी फुगायचे थांबतात, तयार मण्यांना तडे जातात. पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो, ड्रिप चालू ठेवावं लागतं. आणि मी ऐकलंय की तुमच्या त्या ईरीच्या काठावर द्राक्षबागा आहेत. एवढ्या बर्फात वेल जगतो कसा?

चौताक्वा_काठ

दादा, या प्रश्नासाठी तुम्हाला मनापासून धन्यवाद, कारण या तळ्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही.

मी वेस्टफिल्डच्या जवळ राहते. ईरीच्या दक्षिण काठाने किनारा आणि मागची टेकडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत मैलोन्‌मैल द्राक्षबागा आहेत. जास्त करून काँकॉर्ड, गडद जांभळी, सालीची चव उग्र, ज्यूस आणि जेलीसाठी. वेल्चच्या ज्यूसचा वेस्टफिल्डशी जुना संबंध.

आता वेल जगतो तो याच तळ्यामुळे. शरदात पाणी उबदार असतं, त्यामुळे किनाऱ्यालगत पहिलं दहिवर उशिरा गोठतं. टेकडीच्या वर, थोड्याच अंतरावर, भाज्या जळून गेलेल्या असतात आणि खाली द्राक्षं ऑक्टोबरात निवांत पिकत असतात. वसंतात उलटं. तळं अजून थंड, त्यामुळे काठावर उबेची घाई होत नाही, डोळे उशिरा फुटतात, आणि एप्रिल-मेच्या गारठ्यात कोवळे कोंब सापडत नाहीत. म्हणजे जी ऊब नोव्हेंबरात आमच्यावर बर्फ आणते तीच आधी दीड महिना आमची बाग राखते. मिशिगनच्या नैर्ऋत्य काठावरची सफरचंद, चेरी, ब्लूबेरी, नायगाराच्या बाजूच्या बागा, सगळ्यांचं हेच. थंडीत वेल सुप्त असतो, पानं नसतात, आणि काँकॉर्ड ही इथल्याच जंगली जातीतून आलेली असल्याने तिला थंडी सोसते. तुमचा वेल तर त्याच वेळी मण्यांनी लगडलेला असतो, म्हणून तुमची पहाट आमच्यापेक्षा अवघड.

माझ्या मते इथला ऑक्टोबर अनुभवल्याशिवाय कुणी लेक इफेक्टला शिव्या देऊ नयेत.

निफाडचा_बागायतदार

फार छान समजावलंत ताई. आमच्या बागा गोदाकाठी आहेत, पण नदीला एवढी ऊब साठवता येत नाही. ऑक्टोबर छाटणी थोडी मागेपुढे करून मणी कडाक्यात सापडू नयेत असं आम्ही बघतो, पण आमच्या मागे असं तळं नाही. तुमच्या काँकॉर्डचा एक घड चाखायची फार इच्छा आहे.

कीवीनॉ

टगहिलकाका, रागावू नका, पण सुपीरिअर सरोवर अजून बोललेलं नाही :) मी हॉटनला शिकायला आहे, मिशिगनच्या वरच्या टोकाला. कीवीनॉ द्वीपकल्पाला तिन्ही बाजूंनी पाणी. १९७८-७९ च्या मोसमात इथे ३९०.४ इंच पडला. त्या आकड्याची खूण म्हणून रस्त्याच्या कडेला एक भलामोठा उभा फलक आहे, खाली उभं राहून वर बघितलं की मान दुखते. विद्यापीठात दर हिवाळ्यात बर्फाच्या प्रचंड मूर्ती करतात, महिनाभर पोरं खपतात. मी गेल्या वर्षी मदत केली. नांदेडहून आलेला माणूस बर्फाची कमान तासतोय हे घरी सांगितलं तर आईला खरं वाटेना, व्हिडिओ कॉल करावा लागला.

डलूथहून

नोव्हेंबर म्हटलं की आमच्याकडे बर्फाआधी वादळ आठवतं. त्याला कारण तेच, उबदार पाणी आणि वरून उतरणारी गार हवा, त्यात एखादं खोल कमी दाबाचं क्षेत्र आलं की सरोवर खवळतं. नोव्हेंबर १९१३ च्या वादळात अडीचशेच्या वर खलाशी गेले. १० नोव्हेंबर १९७५ ला एडमंड फिट्झजेराल्ड हे लोहखनिज नेणारं जहाज सुपीरिअरमध्ये बुडालं, २९ च्या २९ जण गेले. दर वर्षी १० नोव्हेंबरला स्प्लिट रॉक दीपगृहात ती नावं वाचून दिवा लावतात. कुणी या बाजूला आलात तर त्या दिवशी जरूर जा.

साबुदाणा_वडा

मला कुणीतरी त्या करड्या आकाशाबद्दल बोलायला हवंय. बर्फ काढता येतो. पण नोव्हेंबरात पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि दुसऱ्या दिवसापासून पाचच्या सुमाराला काळोख. सरोवरावरून ढग येतच राहतात. रॉचेस्टरला आमचा पहिला हिवाळा गेला तेव्हा माझं कशात मन लागत नव्हतं. मला वाटायचं घरची आठवण येतेय म्हणून. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व तपासलं, सकाळी दिव्यासमोर बसायला सांगितलं, आणि ढग असले तरी दुपारी बाहेर चालायला. फरक पडला. भीमातीर, तुमच्या पत्नी घरी राहणार असतील तर हे पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करा, त्रास व्हायची वाट बघू नका.

रानजाई

साबुदाणा +१००. यावर लोक बोलतच नाहीत. आणि एक आशेची गोष्ट, ईरी गोठलं की फेब्रुवारीत ढग कमी होतात. बाहेर उणे बारा पण लख्ख ऊन. ते दिवस फार सुंदर असतात.

तुळसवृंदा

विषय थोडा वेगळा, पण हिवाळ्याच्या तयारीचाच. तुळस कधी आत आणता? तुळशीचं लग्न नोव्हेंबरात, आणि त्या आधीच माझ्या तुळशीने माना टाकलेल्या असतात.

चौताक्वा_काठ

रात्रीचं तापमान १० च्या खाली जायला लागलं की आत. आमच्याकडे काठावर सप्टेंबर अखेर, टेकडीवर त्याआधी. आणण्यापूर्वी पानांच्या खालून पाण्याने धुवून घ्या, कीड घरात येते. दक्षिणेकडची खिडकी, पाणी अगदी कमी, आणि हीटरच्या गरम झोतासमोर नको. वाढदिवा लावला तर उत्तम. तरीही मंजिऱ्या वाळवून बी ठेवायचंच. कढीपत्त्याची पानं गळली तर मेला समजून फेकू नका, मार्चमध्ये फुटतो.

ऊनसावली

आमच्या मंडळात तुळशीच्या लग्नाला ज्यांची तुळस जगलीय त्यांच्या घरी सगळे जमतात. बाकीचे ऊस आणि चिंचा घेऊन येतात :)

पश्चिमवारा

भीमातीर, घर कुठेही घेतलंत तरी हे लिहून ठेवा.

बऱ्याच घरांत फर्नेसचे पांढरे प्लॅस्टिकचे पाइप बाजूच्या भिंतीतून बाहेर येतात, जमिनीपासून थोड्याच उंचीवर. बर्फाने ते बुजले की फर्नेस बंद पडते किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. वादळ चालू असतानाही दर काही तासांनी ते मोकळे करायचे. घर बघायला जाल तेव्हा ते कुठे आहेत ते घरमालकाला विचारा. प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. गाडी बर्फात अडकली आणि हीटर चालू ठेवायचा असेल तर आधी सायलेन्सरची नळी मोकळी करा, आणि काच थोडी खाली ठेवा.

ओला बर्फ एकदम उपसू नका. दर वर्षी फावडं मारताना माणसं हृदयविकाराने जातात. थोडं थोडं, पडत असतानाच काढत राहायचं. आणि प्रवासबंदी जाहीर झाली की घरीच बसायचं, ऑफिसने काहीही म्हटलं तरी. तुमची अडकलेली गाडी म्हणजे बर्फ काढणाऱ्या ट्रकची आणि रुग्णवाहिकेची वाट अडली.

गीअरबॉक्स

गाडीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, पाणी, सुका खाऊ, फोनचा चार्जर. आणि मांजराची वाळू! चाकाखाली टाकली की पकड मिळते.

भीमातीर

मंडळी, आम्ही दोघांनी बसून हा सगळा धागा पुन्हा वाचला. उत्तरेकडचं घर नक्की करतोय, विल्यम्सव्हिलला, मुलीच्या शाळेपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. रानजाईताईंनी सांगितलेलं लक्षात ठेवून, म्हणजे तिथेही पट्टा येऊ शकतो हे धरूनच. घरमालकाला फर्नेसच्या पाइपांबद्दल विचारलं. तो म्हणाला, टेक्सासहून फोन करणाऱ्या माणसाने हे विचारावं याचं आश्चर्य वाटलं.

आता शेवटचा प्रश्न. सामानाचा ट्रक वेगळा येणार आहे, आम्ही गाडीने येतोय. नकाशा कोलंबसवरून क्लीव्हलँड आणि तिथून आय-९० ने ईरी शहरातून बफेलो असा रस्ता दाखवतो. शनिवारी पोचायचा विचार आहे.

चौताक्वा_काठ

क्लीव्हलँडच्या पूर्वेपासून बफेलोपर्यंत आय-९० तळ्याच्या काठाकाठाने जातो, म्हणजे सबंध बर्फाळ पट्ट्यातून. पेन्सिल्व्हेनियातल्या ईरी शहरात २०१७ च्या नाताळात एका दिवसात ३४ इंच पडला होता. ऊन असताना निघालात आणि वीस मिनिटांत समोरच्या गाडीचे दिवे दिसेनासे झाले असं या रस्त्यावर होतं. शुक्रवारी कोलंबसला मुक्काम करा. तिथवर तळ्याचा त्रास पोचत नाही. शनिवारी पहाटे अंदाज बघूनच पुढे.

पश्चिमवारा

सहमत. आणि हॉटेल रद्द करता येईल, वाढवता येईल असंच घ्या. सध्याच्या अंदाजात शुक्रवारी रात्री वारा पश्चिमेचा दिसतोय, शनिवारी दुपारी नैर्ऋत्येकडे वळतोय. तसं झालं तर सकाळी पट्टा ईरी शहर-चौताक्वा भागावर असेल आणि संध्याकाळी वर शहराकडे सरकेल, म्हणजे तुम्ही त्याच्या मागोमाग चालाल. रविवारी वाऱ्याचा जोर उतरतोय. माझं मत, एक दिवस थांबून रविवारी या. पण अंदाज बदलतो, शनिवारी पहाटे इथे लिहा, मी पाचपासून जागा असतो.

भीमातीर

कोलंबसचं हॉटेल दोन रात्रींसाठी घेतलं. शनिवारी पहाटे लिहितो.

रानजाई

विल्यम्सव्हिलला पोचलात की पहिल्या दिवशी फावडं विकत घ्या आणि घराच्या आत ठेवा, शेडमध्ये नको. शेडपर्यंत जायलाच फावडं लागतं. जेवायला आमच्याकडे या, पत्ता व्यक्तिगत संदेशात पाठवते.